पेशीत शिरणारी पेप्टाइडं आणि दाहाचा संदेश: मराठवाड्यातल्या नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

संधिवात, आतड्याचा जुनाट दाह, सोरायसिस अशा आजारांत पेशींच्या आत धोक्याचा संदेश थांबायचं नाव घेत नाही. तो संदेश नेमक्या एका जागी अडवणारं छोटंसं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, पेशीत पोचवायचं, हा विषय आता छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडची मुलंही एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीसाठी घेऊ लागली आहेत. विषय चांगला आहे आणि लहान प्रयोगशाळेतही होण्यासारखा आहे. फक्त यात खोटं यश फार लवकर हाती लागतं. पेप्टाइड टाकलं, टीएनएफ (पेशी सोडते तो दाहाचा संदेशवाहक) कमी झाला, आलेख काढला, आणि परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला सगळं कोसळलं असं होतं. मी या वाटेनं गेलो आहे. ज्या क्रमानं काम केलं तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाचतं, तो क्रम इथे देतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पेप्टाइड पेशीच्या आत गेलं हा एक दावा आहे. त्यानं ठरलेल्या जागीच संदेश अडवला हा दुसरा. दोन्हींचे पुरावे वेगळे लागतात.

१. कुठे अडवायचं ते आधी ठरवा

दाहाचे संदेशमार्ग बरेच आहेत, पण नवख्या माणसानं एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनापासून सुरुवात करावी. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हा घटक शोधला. त्यावर इतकं काम झालं आहे की प्रत्येक पायरी मोजायची रीत आणि अँटिबॉडी सहज मिळते.

मार्ग थोडक्यात असा. शांत पेशीत एनएफ-कप्पा-बीला आयकप्पाबी-अल्फा हे प्रथिन केंद्रकाबाहेर धरून ठेवतं. बाहेरून एलपीएस (जिवाणूच्या कवचातला घटक) किंवा टीएनएफ आला की आयकेके नावाचं संकुल जागं होतं. ते आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, मग ते प्रथिन प्रोटिअसोममध्ये नष्ट होतं. मोकळा झालेला एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जातो आणि टीएनएफ आणि आयएल-६ हे दाहाचे संदेशवाहक आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं आयनॉस एन्झाइम यांची जनुकं चालू करतो.

आयकेके संकुलात आयकेके-अल्फा आणि आयकेके-बीटा ही दोन एन्झाइमं आणि नेमो हे जोडप्रथिन असतं. नेमो ज्या छोट्या पट्टीवर बीटाला धरतं, तिची हुबेहूब नक्कल पेशीत सोडली की नेमो त्या नकलेला चिकटतं आणि संकुल नीट जुळत नाही. शंकर घोष यांच्या प्रयोगशाळेनं २००० साली हेच करून दाखवलं. त्या पेप्टाइडला एनबीडी (नेमो बाइंडिंग डोमेन) म्हणतात.

२. पेप्टाइड निवडा, पण जोडीनं निवडा

पेप्टाइडचे दोन भाग असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली म्हणा: ओढून आत नेणारा भाग वेगळा, माल वेगळा. ओढणाऱ्या भागाला सीपीपी (सेल पेनिट्रेटिंग पेप्टाइड) म्हणतात.

सीपीपीत दोन नावं सतत भेटतील. एक टॅट. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनाला पेशीत आपोआप शिरता येतं हे १९८८ मध्ये दिसलं, आणि पुढे त्यातला ११ अमिनो आम्लांचा तुकडा पुरेसा ठरला: वाय-जी-आर-के-के-आर-आर-क्यू-आर-आर-आर (एकेक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल). यात ८ धनभार आहेत आणि तो पाण्यात छान विरघळतो. दुसरं पेनेट्रेटिन, फळमाशीच्या अँटेनापीडिया प्रथिनातून घेतलेला १६ अमिनो आम्लांचा तुकडा. मूळ एनबीडी पेप्टाइड पेनेट्रेटिनला जोडलेलं होतं.

माल म्हणजे एनबीडीची पट्टी: टी-ए-एल-डी-डब्ल्यू-एस-डब्ल्यू-एल-क्यू-टी-ई. यातले दोन डब्ल्यू, म्हणजे ट्रिप्टोफॅन, हे या पट्टीचा जीव आहेत. ते बदलून दोन्ही जागी अॅलनिन घातलं की टी-ए-एल-डी-ए-एस-ए-एल-क्यू-टी-ई होतं आणि नेमोला चिकटणं संपतं. हे निकामी पेप्टाइड म्हणजे तुमच्या प्रबंधाचा कणा आहे. विद्युतभार तोच, लांबी तीच, सीपीपी तोच, फक्त दोन अमिनो आम्लं वेगळी. खऱ्या पेप्टाइडनं दाह कमी झाला आणि निकामी पेप्टाइडनं झाला नाही, तरच तुम्ही काही दाखवलं.

पैसे कमी पडले की मुलं सगळ्यात आधी हेच निकामी पेप्टाइड यादीतून काढतात. काढू नका. त्याऐवजी मात्रांची संख्या कमी करा, एलायझाचं (अँटिबॉडीनं प्रथिन मोजण्याच्या चाचणीचं) एक किट कमी करा. गाइड म्हणाले, "नंतर मागवू", तरी नम्रपणे सांगा, "सर, दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीकडून आली तर तुलना खरी होते." बहुतेक गाइडना हे पटतं.

एनएफ-कप्पा-बीसाठी एसएन५० नावाचंही पेप्टाइड आहे. ते पी५०चं, म्हणजे एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाचं, केंद्रकात जाणं अडवतं. पण त्याला लागणारी आयात यंत्रणा इतर प्रथिनंही वापरतात, म्हणून अडवणूक तितकी नेमकी राहत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी मी एनबीडीच सुचवेन.

३. किती मागवायचं याचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा, अंदाजानं नको. पेनेट्रेटिन-एनबीडीची लांबी टोकाच्या एका जादा अमिनो आम्लासह २८ आणि रेणुभार सुमारे ३,६९३. कुपीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी आत सगळं पेप्टाइड नसतं, टीएफए (ट्रायफ्लोरोअॅसेटेट) मीठ आणि पाणीही असतं. निव्वळ पेप्टाइड ७५ टक्के धरलं तर हाती ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.२ मायक्रोमोल येतं.

आता ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरला १०० मायक्रोमोलर मात्रा द्यायची तर एका वेलला १० नॅनोमोल लागतात. म्हणजे १ मिलिग्रॅममध्ये २० वेल. प्रत्येक मात्रा तीन-तीन वेलमध्ये धरली तर एक प्लेटसुद्धा पुरी होत नाही. आणि वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याची रीत) सहा वेलची प्लेट घेतलीत तर एका मिलीलिटरच्या वेलला १०० नॅनोमोल, म्हणजे एका मिलिग्रॅममध्ये फक्त दोन वेल! म्हणून वेस्टर्न २४ वेलच्या प्लेटमध्ये ३०० मायक्रोलिटरवर करा आणि दोन वेलचा माल एकत्र करा. खरं आणि निकामी, दोन्ही प्रत्येकी ५ ते १० मिलिग्रॅम मागवा. एक-एक मिलिग्रॅम मागवून काम होत नाही.

ऑर्डर देताना हे लिहून घ्या:

- शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, एचपीएलसीचा (शुद्धता दाखवणारा) आलेख आणि मास स्पेक्ट्रम सोबत
- टीएफएऐवजी अॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड मीठ
- निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण मोजून
- एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या एलपीएसची) तपासणी, जमत असेल तर
- १ मिलिग्रॅमच्या वेगवेगळ्या कुप्यांत भरून

४. खरेदीची कागदपत्रं

विद्यापीठात विज्ञानापेक्षा इथेच जास्त दिवस जातात, म्हणून फाइल आधीच तयार ठेवा:

- मान्य झालेला सिनॉप्सिस किंवा प्रकल्प मंजुरीचं पत्र
- गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीचं मागणीपत्र
- तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता
- सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू उपलब्ध नसल्याचा अहवाल
- पुरवठादाराचं जीएसटी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश

तीनही कोटेशनमध्ये क्रम, शुद्धता, मीठ आणि वजन अक्षरशः सारखं असू द्या. एकानं ८५ टक्के शुद्धतेचा भाव दिला की तो सगळ्यात स्वस्त दिसतो आणि लेखा विभाग तोच मंजूर करतो. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची अधिछात्रवृत्ती असेल तर कोणत्या खर्चाची मूळ बिलं लागतात ते खरेदीआधी विचारून घ्या.

मार्च संपायच्या घाईत ऑर्डर गेली तर माल एप्रिल-मेमध्ये येतो. कोरडी पावडर प्रवासात चार दिवस टिकते, पण ४२-४३ अंशांत कुरिअरच्या गोदामात दोन सुट्ट्या पडून राहिलेली कुपी मी तरी भरवशाची मानणार नाही. जमलं तर दिवाळीनंतर मागवा.

५. कुपी उघडणं आणि विरघळवणं

फ्रीजरमधून काढलेली कुपी लगेच उघडू नका. डेसिकेटरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, काच हाताला गार लागेनाशी झाली की मगच झाकण काढा. पावसाळ्यात थंड कुपी उघडली की हवेतला ओलावा क्षणात आत बसतो, पावडर चिकट होते आणि पुढचं प्रत्येक वजन चुकतं. पावडर झाकणाला चिकटलेली असते, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवून खाली बसवा.

ट्रिप्टोफॅनमुळे पेनेट्रेटिन-एनबीडी पाण्यात कुरकुर करतं, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. इथे सापळा आहे. सवयीनं १ मिलिमोलर स्टॉक (दाट साठा-द्रावण) केलात आणि वेलमध्ये ५० मायक्रोमोलर द्यायला गेलात, तर डीएमएसओ ५ टक्के होतं. एवढ्यात पेशी डीएमएसओमुळेच मरतील. २० मिलिमोलर स्टॉक करा: ०.२ मायक्रोमोलला १० मायक्रोलिटर डीएमएसओ. वेलमध्ये १०० मायक्रोमोलर दिलं तरी डीएमएसओ ०.५ टक्केच राहतं. मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकताना थेंबाथेंबानं, हलवत टाका आणि उजेडाकडे धरून बघा. गढूळ दिसलं तर ती मात्रा वापरू नका.

स्टॉकचे लहान-लहान भाग करा, एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका. धनभारित पेप्टाइड काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून लो-बाइंड ट्यूब घ्या. ट्रिप्टोफॅन आणि पेनेट्रेटिनमधलं मिथिओनिन हवेनं खराब होतात, म्हणून झाकण उघडं ठेवू नका. वीज जाते तेव्हा फ्रीजरचं दार अजिबात उघडायचं नाही आणि आत जेल पॅक कायम ठेवायचे, हा नियम दारावर चिकटवून ठेवा.

६. पेशी आणणं

उंदराच्या मॅक्रोफेज पेशी, रॉ २६४.७, या कामाला सोयीच्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून त्या मिळतात. अर्ज, विभागप्रमुखांची सही आणि शुल्क, एवढं वेळेत करा.

पेशी स्वतः आणायला जाणार असाल तर फ्लास्क काठोकाठ मीडियानं भरलेला आणि झाकण पॅराफिल्मनं बंद केलेलं हवं. थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, पण बर्फ नको. उन्हाळ्यात पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघा. दुपारी उभ्या असलेल्या बसच्या डिकीत पेशी टिकत नाहीत. आल्यावर मीडिया काढून नेहमीएवढा ठेवा, एक दिवस स्थिरावू द्या आणि पहिल्या आठवड्यातच भरपूर कुप्या गोठवून ठेवा.

या पेशी ट्रिप्सिननं सोडवू नका, स्क्रेपरनं हळुवार काढा. लांबट, काटेरी दिसायला लागल्या की त्या आधीच चेतलेल्या आहेत. तशा पेशींवर दाहाचा प्रयोग करण्यात अर्थ नाही. मायकोप्लाझ्माची तपासणी मधूनमधून करा, कारण तोही स्वतःच दाह पेटवतो.

मानवी टीएचपी-१ पेशी घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: त्या नायट्रिक ऑक्साइड जवळपास बनवत नाहीत. तिथे ग्रीस चाचणी (नायट्रिक ऑक्साइडची मोजणी) लावून "काहीच फरक नाही" असा निष्कर्ष काढू नका.

७. पाण्यातलं एंडोटॉक्सिन

आपल्याकडे विभागात बोअरचं जड पाणी डिस्टिल करून वापरतात, आणि तेच पाणी टाकीत आठवडाभर साठवलेलं असतं. त्यात जिवाणू वाढले की एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, पाण्यात उतरतं. ऑटोक्लेव्हनं जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन राहतं. म्हणजे नियंत्रण वेलमध्येही दाह सुरू. पेप्टाइड आणि मीडियासाठी विकतचं एंडोटॉक्सिनमुक्त पाणी वापरा, आणि काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी तापवा. डिस्टिल्ड पाणी जेल आणि बफरसाठी ठेवा.

८. पेशी जिवंत आहेत का

मेलेली पेशी टीएनएफ बनवत नाही. म्हणून आधी एमटीटी ही जिवंत पेशी मोजणारी चाचणी, वेगवेगळ्या मात्रांवर, २४ तासांनी. सोबत एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमाची गळती बघितली तर उत्तम, कारण सीपीपी पेशीपटलाला भोकं पाडत असेल तर ते तिथे लवकर कळतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. एनएफ-कप्पा-बी पेशीला जगवणारी जनुकंही चालू करतो. तो अडवलेला असताना टीएनएफ दिला तर निरोगी पेशीसुद्धा मरू शकते. म्हणून एमटीटी फक्त पेप्टाइडवर करून थांबू नका. पेप्टाइड आणि चेतवणारा पदार्थ दोन्ही एकत्र असलेल्या वेलमध्येही करा.

९. पेप्टाइड आत गेलं का

थोडं पेप्टाइड फ्लोरोसेंट लेबल लावून मागवा. पेशी फिक्स करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की केंद्रक हिरवागार दिसतो आणि आनंद होतो. त्यावर विश्वास ठेवू नका. २००३ मध्ये दाखवून दिलं गेलं की फिक्स करतानाच बाहेर चिकटलेलं पेप्टाइड आत पसरतं. त्याआधीच्या कित्येक निष्कर्षांचा त्यामुळे फेरविचार करावा लागला. तेव्हा:

- पेशी जिवंत असतानाच बघा
- बाहेर चिकटलेलं पेप्टाइड काढायला हेपरिननं धुवा, मोजणीआधी थोडा वेळ ट्रिप्सिन द्या
- एफआयटीसी हे हिरवं लेबल वापरत असाल तर ट्रायपॅन ब्लू टाकून बाहेरचा उजेड विझवा
- एक प्लेट ४ अंशांवर ठेवा. तिथे आत जाणं थांबलं तर प्रवेश ऊर्जेवर चालतो असं म्हणता येतं

उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर पेप्टाइड एंडोसोममध्ये (पेशी बाहेरचा माल गिळताना बनणाऱ्या पिशवीत) अडकलं आहे. आयकेके बाहेर पेशीद्रवात असतं, त्यामुळे अडकलेल्या पेप्टाइडचा उपयोग नाही. एफआयटीसीचा उजेड आम्लात मंदावतो, म्हणून एंडोसोममधला माल कमी भासतो. टॅम्रा हे दुसरं लेबल त्या बाबतीत बरं. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीचा उजेड मोजणारं यंत्र) विभागात नसेल तर नमुने घेऊन दुसऱ्या संस्थेत जावं लागेल. तारीख आधी मिळवा, मगच पेशी लावा.

१०. संदेश अडला का

एका प्लेटवर कमीत कमी हे वेल हवेत: काही न दिलेला, फक्त डीएमएसओ, फक्त पेप्टाइड, एलपीएस, एलपीएस आणि डीएमएसओ, एलपीएस आणि खरं पेप्टाइड, एलपीएस आणि निकामी पेप्टाइड, एलपीएस आणि नुसता सीपीपी, एलपीएस आणि डेक्सामेथासोन (दाह कमी करणारं ओळखीचं औषध). फक्त पेप्टाइडच्या वेलमध्ये टीएनएफ वाढला तर पेप्टाइडमध्येच एंडोटॉक्सिन असल्याचा संशय घ्या.

सीरममधली एन्झाइमं पेप्टाइड कापतात, म्हणून एलपीएसआधीचा पेप्टाइडचा एक तासाचा पूर्वोपचार सीरमशिवाय द्या. एलपीएस देताना मात्र सीरम असू द्या, कारण त्यातलं एक प्रथिन एलपीएसला पेशीपर्यंत पोचवतं.

आता सगळ्यात मोठा सापळा. एलपीएस ऋणभारित आहे, सीपीपी धनभारित. दोघं मीडियातच एकमेकांना चिकटू शकतात. मग पेशीपर्यंत एलपीएस पोचतच नाही, टीएनएफ कमी येतो, आणि तुम्हाला वाटतं आयकेके अडला. यावर दोन उपाय, दोन्ही करा. पूर्वोपचारानंतर पेशी दोनदा धुवून मग एलपीएस द्या. आणि तोच प्रयोग टीएनएफनं चेतवून, हेला या मानवी पेशींवर, पुन्हा करा. तिथेही खरं पेप्टाइड चाललं आणि निकामी चाललं नाही, तर गोष्ट पक्की.

मोजणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. आधी ग्रीस: २४ तासांनंतरचा मीडिया, तितकाच ग्रीस अभिकर्मक, १० मिनिटं, ५४० नॅनोमीटर. तुलनेसाठी सोडियम नायट्राइटची स्टँडर्ड द्रावणं त्याच मीडियात करा. तिथे फरक दिसला की एलायझा: टीएनएफसाठी ४ ते ६ तासांचा मीडिया, आयएल-६साठी २४ तासांचा.

शेवटी वेस्टर्न. आयकप्पाबी-अल्फा १५ ते ३० मिनिटांत नष्ट होतं आणि तासाभरात परत दिसू लागतं, कारण एनएफ-कप्पा-बी त्याचंही जनुक चालू करतो. सवयीनं एक-दोन तासांचा नमुना घेतला तर सगळे पट्टे सारखेच दिसतील. ०, १५, ३० आणि ६० मिनिटं, एवढे नमुने घ्या. फॉस्फेटेज इन्हिबिटर घातलेला लायसिस बफर बर्फावर तयार असल्याशिवाय घड्याळ सुरू करू नका.

एकाच दिवशीचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीच्या) पेशींवर तीनदा करा आणि आकडेशास्त्र त्यावर लावा.

११. उंदरांकडे जाण्याआधी

संधिवाताच्या आणि आतड्याच्या दाहाच्या उंदरांवर एनबीडीचे चांगले परिणाम प्रसिद्ध झाले आहेत. संधिवाताच्या उंदरांत हाडांची झीज थांबल्याचं २००४ मध्येच दिसलं. तरी सिनॉप्सिसमध्ये "औषध तयार होईल" असं लिहू नका. सीपीपीवर बेतलेलं, जेएनके या दाहाच्या दुसऱ्या मार्गातल्या एन्झाइमाला अडवणारं एक पेप्टाइड अचानक आलेल्या बहिरेपणासाठी माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, ते डी-अमिनो आम्लांचं (नेहमीच्या अमिनो आम्लांच्या आरशातल्या प्रतिमांचं) होतं म्हणून एन्झाइमांना दाद देत नव्हतं, आणि तरीही २०१७ मध्ये मुख्य निकष गाठू शकलं नाही.

प्राण्यांचं काम करायचंच असेल तर आधी तुमच्या पेप्टाइडची सीरममधली टिकाऊपणाची चाचणी करा: ३७ अंशांवर सीरममध्ये ठेवून ठराविक मिनिटांनी नमुने काढा आणि एचपीएलसीवर बघा किती उरलं. त्या आलेखाशिवाय किती वेळानं डोस द्यायचा हे ठरवता येत नाही, आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या अर्जात तोच प्रश्न पहिला येतो. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. पेशींवरचं काम चालू असतानाच पुढच्या बैठकीची तारीख विचारून ठेवा आणि अर्जाला एमटीटीचे व टिकाऊपणाचे आलेख जोडा.